आंबोलीच्या उतारावरचा जातिबदल: ०.७ हा आकडा खरा धरावा का?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दाणोलीच्या बाजूने पायथ्यापासून आंबोलीच्या माथ्यापर्यंत, डोंगराच्या एकाच सोंडेवर, १०० ते ८०० मीटर उंचीदरम्यान दर १०० मीटरला एक याप्रमाणे ०.१ हेक्टरचे (२० × ५० मीटर) आठ प्लॉट घातले. ३० सेंमी आणि त्याहून जास्त घेराची सगळी झाडं मोजली. शेजारच्या प्लॉटांमध्येसुद्धा जॅकार्ड वेगळेपणा (दोन प्लॉटांत मिळून सापडलेल्या जातींपैकी ज्या एकाच प्लॉटात आहेत त्यांचं प्रमाण) ०.७ च्या वर येतो. उष्णकटिबंधातल्या डोंगरावर अपेक्षित असतो तसा जोरदार टर्नओव्हर (जातिबदल) मिळाला, असं प्रबंधात लिहावं का? आणि आणखी किती प्लॉट लागतील?

आत्ता लिहू नका. आकडा चुकीचा आहे असं नाही, पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि आठ प्लॉटांवरून त्या सुट्या करता येत नाहीत. उंचीमुळे खरंच बदललेल्या जाती ही त्यातली एक. बाकी तीन म्हणजे लहान नमुन्यामुळे हुकलेल्या जाती, तोडीमुळे गेलेल्या जाती आणि दोन प्लॉटांत दोन नावांनी नोंदलेली एकच जात.

आधी नमुन्याचं बघू. सह्याद्रीतल्या सदाहरित किंवा निमसदाहरित जंगलात ०.१ हेक्टरमध्ये ३० सेंमीवरच्या घेराची साधारण ४० ते ७० झाडं येतात. समजा एका प्लॉटात ६२ झाडं आहेत आणि त्यांतल्या ११ जाती एकेकाच झाडाने हजर आहेत. नमुन्याची व्याप्ती ढोबळमानाने १ वजा ११ भागिले ६२, म्हणजे ०.८२. याचा अर्थ त्या जागेवरचं पुढचं झाड यादीत नसलेल्या जातीचं निघण्याची शक्यता १८ टक्के आहे. अशा दोन अर्धवट याद्या एकमेकांवर ठेवल्या की वेगळेपणा फुगणारच. घरबसल्या तपासायचं असेल तर तुमच्याच एका प्लॉटाचे १० × ५० चे दोन तुकडे करा आणि त्यांच्यातला जॅकार्ड काढा. तो ०.५ च्या आसपास आला तरी नवल वाटू देऊ नका. तुकडे निम्म्या आकाराचे असल्याने फुगवटा थोडा जास्तच दिसेल, पण आधाररेषा शून्यावर नाही एवढं कळायला ते पुरे. उंचीचा परिणाम म्हणायचा तो या आधाररेषेच्या वर जे उरेल तेवढाच.

आता सूत्राकडे. जॅकार्ड किंवा सोरेनसन (तसाच वेगळेपणाचा आकडा, फक्त सामायिक जाती दुप्पट मोजणारा) एकट्याने वापरू नका. आंद्रेस बासेल्गा यांनी २०१० मध्ये मांडलेली फोड वापरा; 'आर' या संगणकीय भाषेतल्या 'बीटापार्ट' पॅकेजात ती तयार मिळते. सोरेनसन वेगळेपणाचे ती दोन भाग करते. एक, एका जातीच्या जागी दुसरी आली तो खरा टर्नओव्हर, आणि दोन, एका ठिकाणची यादी दुसरीचा निव्वळ उपसंच असल्यामुळे आलेला फरक, म्हणजे नेस्टेडनेस. हा भेद हाताने आकडेमोड केल्याशिवाय डोक्यात बसत नाही, म्हणून एक नमुना घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत.

प्लॉट 'क' मध्ये ३८ जाती, 'ख' मध्ये २६, सामायिक १४. म्हणजे फक्त 'क' मध्ये २४, फक्त 'ख' मध्ये १२. सोरेनसन वेगळेपणा = ३६ ÷ (२८ + ३६) = ०.५६. टर्नओव्हरचा भाग (सिम्पसन) = १२ ÷ (१४ + १२) = ०.४६. उरलेला ०.१० हा नेस्टेडनेस.

आता 'क' ची तुलना 'ग' शी करा. 'ग' मध्ये फक्त १४ जाती, त्यांतल्या १२ 'क' मध्येही आहेत. सोरेनसन = २८ ÷ (२४ + २८) = ०.५४, म्हणजे जवळपास तेवढाच. पण टर्नओव्हर २ ÷ १४ = ०.१४, आणि ०.४० नेस्टेडनेस. 'ग' हे वेगळं जंगल नाही. ते 'क' सारखंच जंगल आहे, फक्त ओरबाडलेलं. पहिल्या जोडीत जाती बदलल्या आणि दुसरीत गळाल्या, पण सोरेनसनच्या तक्त्यात दोन्ही जोड्या शेजारी बसतील आणि दोन्हींना 'उंचीनुसार जोरदार टर्नओव्हर' असं नाव पडेल.

सिंधुदुर्गाच्या पायथ्याला हा धोका फार मोठा आहे. २००–३०० मीटरच्या खाली बरंचसं जंगल मालकीचं, पाळीपाळीने तोडलेलं; काजू आणि दोडामार्गच्या बाजूला रबर घुसलेलं. तिथे ऐन, किंजळ, नाणा, कुंभा ही तोड सोसणारी, बुंध्यापासून पुन्हा फुटणारी झाडं उरतात. वर गेल्यावर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, पारजांभूळ दिसायला लागतात, आणि सहज वाटतं की उंचीमुळे जंगल बदललं. थोडं बदललंही असेल. पण त्याच पायथ्याच्या जुन्या देवराईत शिरलात तर सदाहरित झाडं खालीही भेटतात. म्हणून खालच्या पट्ट्यातले निदान एक-दोन प्लॉट देवराईत घ्या आणि त्यांची वेगळी खूण ठेवा. देवराया लहान असतात, कडेला उजेड शिरतो, शिवाय त्या बहुधा पाण्याच्या जागी राखलेल्या असतात. त्यामुळे देवराई म्हणजे मूळ जंगलाचा शुद्ध नमुना असंही समजू नका. तुलनेचं एक टोक म्हणून मात्र तिला पर्याय नाही.

उलट्या दिशेनेही फसायला होतं. जातींची संख्या उंचीवर मांडली की बऱ्याचदा मध्येच उंचवटा येतो, आणि मग त्याला मोठमोठी स्पष्टीकरणं जोडली जातात. खाली कुऱ्हाड चाललेली, वर जांभ्याचा उघडा सडा आणि कड्याच्या धारेवरची वाऱ्याने खुरटलेली झाडी. मधला तीव्र उतार तेवढा कुणाच्या हाताला लागला नाही. एवढंही कारण पुरतं. सड्यावरची वनस्पतिविविधता तर वेगळाच विषय आहे. ती पावसाळ्यातल्या लहान औषधी वनस्पतींची आहे, झाडांच्या प्लॉटात ती येणारच नाही. झाडांचे आकडे घेऊन 'माथ्यावर विविधता कमी' असं लिहिणं म्हणूनच चूक ठरतं.

आता मुळात किती बदल अपेक्षित धरायचा? डॅनियल जॅन्झन यांनी १९६७ मध्ये मांडलेला युक्तिवाद सगळे उद्धृत करतात. उष्णकटिबंधात वर्षभर तापमान फारसं हलत नाही, म्हणून तिथल्या जातींची सहनशीलता अरुंद असते आणि थोडं वर चढलं तरी त्या बदलतात. अँडीजसारख्या तीन-चार हजार मीटरच्या चढावर हा विचार शोभतो. तुमच्या हातात ७०० मीटरचा चढ आहे. दर हजार मीटरला सुमारे ६ अंश धरले तर पायथा ते माथा फरक ४ अंशांच्या आसपास येतो. शिवाय इथली झाडं तापमानापेक्षा कोरड्या महिन्यांशी झगडतात. पास्कल यांनी १९८८ मध्ये पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधून पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलांची जी वर्गवारी केली, तिचा कणाही तोच आहे: दक्षिणेकडून उत्तरेकडे कोरडा काळ लांबत जातो, दोन-तीन महिन्यांवरून सात-आठ महिन्यांवर जातो आणि सदाहरित जाती एकेक करून गळत जातात. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकरकडे अंजनी-जांभूळ-पिसा हे त्रिकूट उरतं, ते याच गाळणीतून. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. डिसेंबर ते मे मुळांशी ओल किती राहते यावर तिथे कोण तगणार ते ठरतं.

म्हणून आपल्याकडे उंची हे स्वतः कारण कमी आणि पाऊस, धुकं, वारा, मातीची खोली, माणसाचा वावर या सगळ्यांचं मिश्रण जास्त आहे. घाटमाथा ओलांडून पूर्वेला गेलात तर हे ढळढळीत दिसतं. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्या आत. त्या बाजूला शंभर मीटर उतरणं म्हणजे पश्चिम उतारावर शंभर मीटर उतरण्यासारखं अजिबात नाही. दोन्ही उतारांचे प्लॉट एका आलेखात टाकू नका. निव्वळ उंचीचा टर्नओव्हर पाहायचा असेल तर निलगिरी किंवा अनमलईला जावं लागतं. तिथे १,८०० मीटरच्या वर शोला (डोंगरखोऱ्यांतलं खुरटं सदाहरित जंगल) आणि गवताळ प्रदेश सुरू होतो आणि घराणीच्या घराणी बदलतात. महाराष्ट्रात कळसूबाईचं शिखरही १,६४६ मीटरवरच थांबतं.

एकाच उंचीवर, एकाच सोंडेवर आणखी एक घोळ होतो: व्हाळ (ओढा) आणि दांड (उताराची उंच धार). व्हाळाच्या काठाने ओल उन्हाळ्यातही टिकते, त्यामुळे सदाहरित झाडं खूप खालपर्यंत उतरून येतात. पन्नास मीटर बाजूला, दांडावर, मुरमाड मातीत पानझडी झाडं. या दोन प्लॉटांमधला फरक उंचीच्या दोनशे मीटरांच्या फरकाहून मोठा असू शकतो. हेवाळे-बांबर्डे इथलं मिरिस्टिकाचं (रानजायफळाचं) दलदलीतलं जंगल हे याचं टोकाचं उदाहरण. असा प्लॉट पायथ्याच्या पट्ट्यात शिरला तर अख्खा आलेख वाकतो. तेव्हा सगळे प्लॉट मधल्या उतारावर घ्या. व्हाळातले हवेच असतील तर प्रत्येक पट्ट्यात घ्या, नाहीतर एकाही नको. तुमच्या आठांपैकी कोणते व्हाळाजवळ आहेत हे आत्ताच वहीत पाहून ठेवा.

किती प्लॉट, या प्रश्नाला माझं उत्तर असं: १०० मीटरचे आठ टप्पे सोडून चार पट्टे करा. १००–२००, ३००–४००, ५००–६०० आणि ७००–८००. तुमचे आठ प्लॉट त्यांत दोन-दोन असे बरोबर बसतात. त्याच सोंडेवर प्रत्येक पट्ट्यात आणखी दोन घ्या, आणि मध्ये खोरं असलेल्या दुसऱ्या सोंडेवर प्रत्येक पट्ट्यात चार. एकूण ३२, म्हणजे ३.२ हेक्टर, नवे २४. माणसं कमी पडत असतील तर दोन्ही सोंडांवर पट्ट्यागणिक तीन, एकूण २४, त्यांतले नवे १६. याहून खाली जाण्यात अर्थ नाही. एकाच पट्ट्यातल्या प्लॉटांत किमान ३०० मीटर अंतर ठेवा.

दुसरी सोंड का, तर एका सोंडेवर चढताना उंची आणि अंतर दोन्ही एकत्र वाढतात. दूरच्या प्लॉटात वेगळ्या जाती दिसल्या तर त्या उंचीमुळे की बी तिथवर पोचलं नाही म्हणून, हे सांगताच येत नाही. दोन सोंडा असल्या की तीन प्रकारच्या जोड्या हातात येतात: एकच पट्टा एकच सोंड, एकच पट्टा वेगळी सोंड, वेगळा पट्टा एकच सोंड. पहिली जोडी तुमची आधाररेषा. दुसरीतून पहिली वजा केली की अंतराचा वाटा, तिसरीतून पहिली वजा केली की उंचीचा. हे इतकं साधं कोष्टक प्रबंधात सुरुवातीलाच द्या. जीडीएम (उंची, अंतर वगैरेंच्या फरकावरून वेगळेपणाचा अंदाज बांधणारं सांख्यिकी मॉडेल) वगैरे त्यानंतर. कोष्टकात जे दिसत नाही ते मॉडेलमधून निघालं तर संशय मॉडेलवर घ्यायचा.

मोजणीतल्या चुकांपैकी ज्या आकड्यांना खरोखर हात घालतात तेवढ्याच सांगतो. प्लॉटाची लांब बाजू समपातळीत, उताराला आडवी ठेवा. ५० मीटरची बाजू ३० अंशांच्या उतारावर सरळ वर नेली तर एकाच प्लॉटात २५ मीटर उंची येते. २० मीटरची बाजू उताराच्या दिशेने टेप जमिनीला टेकवून मोजली तर आडवं अंतर १७.३ मीटरच भरतं, म्हणजे क्षेत्रफळ ८६६ चौरस मीटर, १३ टक्के कमी. नेमके चढाचे प्लॉट लहान होतात आणि तिथे जाती कमी दिसतात. क्लायनोमीटरने कोन घ्या आणि टेप २३.१ मीटर सोडा. घेर जमिनीपासून १.३ मीटरवर, उताराच्या वरच्या बाजूला उभं राहून. अंजनीसारख्या बुंध्यातून अनेक खोड फुटलेल्या झाडाचे सगळे घेर लिहा, पण झाड एकच मोजा. पाच खोडांची पाच झाडं केलीत तर पुढचं सगळं गणित खोटं पडतं.

उंचीसाठी फोनवर विसंबू नका. गच्च झाडीखाली २०–३० मीटरची चूक ही नेहमीची. त्याहून वाईट म्हणजे काही अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतच नाहीत, पृथ्वीच्या गणिती लंबवर्तुळापासूनची दाखवतात. आपल्या किनाऱ्यावर या दोहोंत साठ मीटरहून जास्त फरक आहे. वेंगुर्ल्याच्या वाळूत उभं राहून उणे साठच्या पलीकडचा आकडा दिसला तर कारण हेच. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी अ‍ॅप वापरली असतील तर तुमच्या प्लॉटांचे पट्टेच चुकले असतील. बॅरोमीटरवाला अल्टिमीटर रोज सकाळी माहितीच्या उंचीवर जुळवून घ्या. ३० मीटरच्या उपग्रह नकाशाशी पडताळा ठीक आहे, पण कड्याजवळ तोही दगा देतो. तिथे एका चौकटीत कड्याचा माथा आणि तळ दोन्ही येतात.

प्रत्येक प्लॉटात मातीची खोली (लोखंडी सळई पाच ठिकाणी ठोकून), उताराची दिशा, छत्राचं आच्छादन आणि तोडलेले बुंधे मोजून घ्या. बुंध्यांची संख्या हा आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी आकडा आहे, आणि नेमका तोच बहुतेक प्रबंधांत नसतो.

ओळखीच्या चुकीचा हिशोब वरच्याच उदाहरणावर करून पाहा. 'क' आणि 'ख' मधल्या १४ सामायिक जातींपैकी फक्त दोन जाती 'ख' मध्ये वेगळ्या नावाने नोंदल्या गेल्या. सामायिक राहिल्या १२, सोरेनसन ०.५६ वरून ०.६३ वर आणि टर्नओव्हर ०.४६ वरून ०.५४ वर. चुकीच्या ओळखीने नेस्टेडनेस फारसा हलत नाही, सगळा भार टर्नओव्हरवर पडतो, म्हणजे जे सिद्ध करायचं त्याच बाजूला. मेमिसायलॉन, सिझिजियम, डायोस्पायरॉस, लिट्सिया-अ‍ॅक्टिनोडाफ्नी आणि गार्सिनिया या प्रजातींची (जीनस, म्हणजे जातीच्या वरची पातळी) फुलं-फळं नसलेली झाडं विशेष त्रास देतात. त्यात जुनी नावं. ऐनच बघा: टर्मिनॅलिया टोमेंटोसा, अलाटा, क्रेन्युलाटा, एलिप्टिका, सगळी संदर्भात सापडतात. गुळंब पर्सिया मॅक्रँथा म्हणूनही येतो आणि माचिलस म्हणूनही. सगळी यादी क्यू उद्यानाच्या 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'वर एकदाच तपासून एका नावावर आणा, आणि ते आकडेमोडीआधी करा.

खात्री नसलेल्या प्रत्येक झाडाचा नमुना घ्या आणि त्याला क्रमांकाचं तात्पुरतं नाव द्या, जे सगळ्या प्लॉटांत तेच राहील. 'अज्ञात १' हे नाव प्रत्येक प्लॉटात नव्याने सुरू करणं हा टर्नओव्हर तयार करण्याचा हमखास कारखाना आहे. अखेरीस काही झाडं फक्त प्रजातीपर्यंतच कळतील. विश्लेषण दोनदा करा, एकदा ती वगळून आणि एकदा प्रत्येक प्रजातीतली अनोळखी झाडं एकत्र धरून. निष्कर्ष दोन्हींत टिकला पाहिजे. नमुने पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात, आघारकर संस्थेत किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात ताडून घेता येतील.

शेवटचा तपास यादृच्छिक मॉडेलचा. क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये झाडांच्या लहान प्लॉटांवर दाखवलं की अक्षांशानुसार आणि उंचीनुसार दिसणारा बीटा-विविधतेचा (ठिकाणाठिकाणांतल्या जातींच्या वेगळेपणाचा) बराचसा उतार हा एकूण जातिसंख्येच्या फरकातूनच येतो. जिथे एकूण जाती जास्त तिथे लहान प्लॉट आपोआप एकमेकांहून वेगळे दिसतात. म्हणून प्रत्येक पट्ट्यातली सगळी झाडं एका ढिगात टाका, प्रत्येक प्लॉटात जितकी होती तितकीच परत यादृच्छिक वाटा, हे ९९९ वेळा करा आणि तुमचा खरा बीटा त्या सरासरीपासून किती प्रमाणविचलनं दूर आहे ते काढा. पट्ट्यांची तुलना या आकड्यावर करायची, कच्च्या बीटावर नाही. आणि जातिसंख्यांची तुलना समान व्याप्तीवर करायची, समान क्षेत्रफळावर नाही. 'आय-नेक्स्ट' पॅकेज ते करून देतं.

हंगामाचं नियोजन आत्ताच करा. पानझडी झाडं नोव्हेंबर-डिसेंबरात पानांवर असतात तेव्हाच ओळखून घ्यायची, कारण मार्चमध्ये नुसती सालं आणि फांद्या उरतात. सदाहरितांपैकी बऱ्याच जाती मात्र जानेवारी ते एप्रिलमध्ये फुलतात. म्हणजे प्रत्येक प्लॉटाला दोन फेऱ्या. क्षेत्र अभयारण्यात येत असेल तर संशोधनाची परवानगी नागपूरहून, मुख्य वन्यजीव रक्षकांकडून घ्यावी लागते. प्रादेशिक वनाला उपवनसंरक्षकांची, मालकीच्या जंगलाला मालकाची आणि देवराईला गावाची. नमुने गोळा करण्याचा उल्लेख अर्जात स्वतंत्र करा, नाहीतर मोजणीची परवानगी मिळते आणि फांदी तोडण्याची मिळत नाही. नोव्हेंबरची फेरी गाठायची तर अर्ज पावसाळा सुरू होण्याआधी गेलेला बरा.